मोठा मासा, छोटा मासा आणि राजाचे हेर

तीर्थाच्या ठिकाणी गर्दी जमली आहे. एक जण राजाला नावं ठेवतोय: गुण तर एकही दिसत नाही, दंड आणि कर लावून लोकांना पिळतो नुसता. दुसरा त्याला अडवतो. राजा नव्हता तेव्हा मोठा मासा छोट्याला गिळायचा, तसं माणसांचं चाललं होतं. या मात्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी वैवस्वत मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, व्यापारी मालाचा दहावा हिस्सा त्याला ठरवून दिला. त्या बदल्यात राजा आपल्याला सांभाळतो, मग त्याला नावं का ठेवायची?

गंमत अशी, की भांडणारे दोघेही राजाचेच हेर आहेत. हे भांडण कसं लावायचं, याची सूचना कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात, तेराव्या अध्यायात आहे.

सरकार येण्याआधी माणूस कसा होता, हा प्रश्न निघाला की आपल्याला हॉब्ज आणि रूसो आठवतात. इंग्लंडमध्ये यादवी पेटली, १६४९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्या काळात पॅरिसमध्ये राहणाऱ्या हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ छापलं. सगळ्यांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल, तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध, असं त्याचं म्हणणं. रूसोने १७५५ मध्ये उलट मांडलं: मूळचा माणूस भांडखोर नव्हता, जमिनीला कुंपण पडलं तेव्हा बिघाड सुरू झाला.

महाभारताच्या शांतिपर्वात या दोन्ही कथा शेजारी-शेजारी आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडा. अध्याय ५९ म्हणतो, कृतयुगात राजा नव्हता, दंड नव्हता, लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत. पुढे मोह आणि लोभ शिरला. अध्याय ६७ मध्ये मात्र सुरुवातीपासूनच मासे एकमेकांना गिळतायत. तिथे मनू आधी नकार देतो, कारण राज्य करण्यातल्या पापाची त्याला भीती वाटते. मग लोक पशू आणि सोन्याचा पन्नासावा, धान्याचा दहावा हिस्सा कबूल करतात.

पालीतल्या ‘अग्गञ्ञ सुत्ता’त बुद्ध ही गोष्ट आणखी वेगळी सांगतो. लोक जेवणापुरता तांदूळ रोज आणत. एकाने आळसापायी दोन वेळचा एकदम आणला. मग साठवण आली, शेतांच्या हद्दी आल्या आणि चोरीही आली. तेव्हा लोकांनी आपल्यातलाच एक निवडला, ‘महासंमत’. त्याचा मोबदला तांदळाचा वाटा. इथे राजा म्हणजे जवळजवळ पगारी माणूस.

आठव्या शतकातल्या बंगालमध्ये मात्स्यन्याय संपवण्यासाठी लोकांनी गोपालाला राजा केलं, असं खालिमपूरचा ताम्रपट सांगतो. तो ताम्रपट गोपालाच्याच मुलाचा, धर्मपालाचा.

भीती खोटी होती असं नाही. यादवीत माणसं खरंच मरतात, दुबळा खरंच भरडला जातो. पण ‘राजा नव्हता तेव्हा’चा तो काळ यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. प्रत्येकाने तो आपल्या आजच्या गरजेतून रचला. म्हणून ‘आम्ही नसतो तर तुमचं काय झालं असतं’ असं कुणी सांगू लागलं, की मासे खरे का, एवढंच विचारून थांबू नये. सांगणारा कोण आणि गोष्टीच्या शेवटी तो किती हिस्सा मागतोय, तेही बघावं.