होनी को कौन टाल सकता है?

आमच्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मयत झाली, नोकरी गेली, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं की कुणीतरी वडीलधारा म्हणतोच, "जाने दो बेटा, होनी को कौन टाल सकता है." माझे मराठी शेजारी अशाच वेळी "होणारं चुकत नाही" म्हणतात. दुःखात बसलेल्या माणसाला या वाक्याचा आधार वाटतो, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हेच वाक्य इतिहासाच्या तासाला येऊन बसतं तेव्हा मात्र मी अडतो. "सर, मोगल एवढे मोठे होते, निजामशाही बुडणारच होती ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. नगरच्या मुलांना निदान आपल्या गावाबद्दल तरी याचं नीट उत्तर मिळायला हवं.

आधी शब्दाकडे पाहू, कारण माझा धंदाच तो. 'होनी' म्हणजे होणारी गोष्ट. उर्दूत तिच्या जोडीला फारसी 'शुदनी' येतो, त्याचाही अर्थ तोच. मराठीतलं 'भवितव्य' संस्कृतमधल्या 'होणे' याच धातूवरून आलेलं. तिन्ही शब्दांत माणूस कुठेच नाही, गोष्ट आपली आपण होते. 'तकदीर'चं मूळ वेगळं. हा अरबी शब्द मापाशी, सामर्थ्याशी जोडलेला आहे. मुकद्दर, मिकदार, कुदरत हे त्याचे भाऊबंद, आणि मराठीत आपण "त्याची काय मगदूर!" म्हणतो ती मगदूरही त्याच घरची. म्हणजे नशीब आणि ऐपत हे एकाच मुळाचे शब्द आहेत. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं जरा चमकतात.

आता 1595 कडे. त्या वर्षी इब्राहीम निजामशाह विजापूरकरांशी लढताना मारला गेला आणि नगरच्या दरबाराचे चार तुकडे झाले. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला. तो निजामशाही घराण्याचाच नाही अशी ओरड लगेच सुरू झाली. इखलासखानाने दुसरा मुलगा उभा केला. अभंगखान हबशीचा उमेदवार तिसराच, सत्तरीचा शाह अली. चाँदबीबी इब्राहीमच्या लहानग्या बहादूरच्या बाजूने होती. हुसेन निजामशाहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा होती, आणि बहादूर तिच्या भाच्याचा मुलगा.

इखलासखानाने कोंडी केल्यावर मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीचं पत्र पाठवलं. अकबराची नजर दख्खनवर आधीपासून होती हे खरं, पण या वेळी दार आतून उघडलं गेलं. पुढे गंमत अशी झाली की मुराद पोहोचायच्या आत मंजूने इखलासखानाला हरवलंसुद्धा. मदतीची गरज संपली, पण पत्र केव्हाच गेलं होतं. मंजू पस्तावून नगरबाहेर पडला. फरिश्त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. विजापूरला जाण्याआधी तो याच नगरच्या दरबारात होता.

तरीही शहर पडलं नाही. चाँदबीबीने किल्ला हाती घेतला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदले. त्यांच्याच छावणीतल्या एका शिराजी माणसाने त्यांच्या जागा आत कळवल्या. आतल्या लोकांनी दोन सुरुंगांतली दारू काढून टाकली, तिसरा उकरत असतानाच तो उडाला आणि तटाला मोठं भगदाड पडलं. पळणाऱ्यांना थोपवत चाँदबीबी हातात तलवार घेऊन भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. फेब्रुवारी 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. ज्याला आपण होनी म्हणतो ती एका रात्रीच्या गवंडीकामाने टळली होती.

मग पुन्हा तेच. वजिरांचा आणि बीबीचा बेबनाव, पुन्हा मोगलांशी संधान. 1600 मध्ये शहजादा दानियाल आणि खानखानान चालून आले. लढून किल्ला राहणार नाही हे चाँदबीबीने ओळखलं, आणि लहान बहादूरच्या जिवाची हमी घेऊन तो द्यावा असा विचार तिने बोलून दाखवला. ज्याच्यापाशी बोलली त्यानेच बाहेर जाऊन बोभाटा केला की बीबी फितूर झाली. जमावाने तिला तिच्याच महालात ठार केलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत धाडलं गेलं. तिचं ऐकलं असतं तर किल्ला वाचला असता असं मी म्हणत नाही. पण तिला मारणारे हात तारेवरून खाली आले नव्हते, ते आपल्याच माणसांचे होते. आणि तिची आठवण आपण कशी ठेवली? पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरची ती अष्टकोनी इमारत सगळं नगर 'चाँदबीबी महाल' म्हणून दाखवतं, पण ती कबर आहे सलाबतखानाची.

आमच्यातल्या काही मंडळींना वाटतं की होनीवर शंका घेणं म्हणजे ईमानात कमीपणा. त्यांना मी हजरत उमर यांचा प्रसंग सांगतो. इ.स. 639 च्या सुमारास ते शामकडे निघाले होते. वाटेत सरग इथे कळलं की पुढे प्लेग आहे. त्यांनी परत फिरायचं ठरवलं. अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता? उमर यांचं उत्तर होतं की हो, अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी सुकी असेल तर उंट कुठेही चारा, ती अल्लाहची तकदीरच. पण शहाणा माणूस उंट हिरवळीवर नेतो.

राहिला मुलांचा प्रश्न. निजामशाही 1600 मध्ये बुडणार होती म्हणावं, तर ती बुडाली नाही. मलिक अंबर नावाच्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशाने घराण्यातला दुसरा मुलगा गादीवर बसवला, 1610 मध्ये नगर शहर परत घेतलं, आणि 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते, आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. 1626 मध्ये अंबर वारला. 1633 मध्ये दौलताबाद गेलं. सगळे म्हणाले असतील, आता तरी संपलं. तेव्हा शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातलं एक पोर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने 1636 पर्यंत कारभार चालवला. पेमगिरी गावातला प्रचंड वड बघायला लोक लांबून येतात. वडाखाली फोटो काढून परततात, किल्ल्यावर फारसं कुणी चढत नाही.