नोंदवहीतले पूर्वज

माझ्या पणजोबांचे नाव मला ठाऊक आहे. त्यांच्या पलीकडे अंधार आहे. इतिहास शिकवताना वर्गातल्या मुलांना मी त्यांच्या पूर्वजांची नावे विचारतो, तेव्हा आपल्या वस्तीतली मुले दोन-तीन पिढ्यांपाशी थांबतात. त्यामुळे इंग्लंडमधल्या एखाद्या शेतमजुराचा वंशज आपल्या घराण्याचा माग सोळाव्या शतकापर्यंत काढू शकतो, हे प्रथम वाचले तेव्हा मला हेवा वाटला. तो माग निघतो कसा हे वाचत गेलो, तसा हेवा ओसरला आणि प्रश्न वाढले.

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांची सही, आणि लिहिता येत नसल्यास फुली, घेतली जाऊ लागली. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बापाचा धंदाही आला. १८३७ साली सरकारी नोंदणी सुरू झाली. आजचा वंशज या पायऱ्या उलट्या क्रमाने उतरत जातो.

परंतु या वह्या गरिबाच्या मायेपोटी ठेवलेल्या नव्हत्या. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. कंगालाला तो माफ होता. म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या नावापुढे तसा शेरा पडला. विवाहबाह्य संततीच्या नावापुढेही शेरा मारीत. १६९७ च्या कायद्याने तर पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्याने उजव्या खांद्यावर 'पी' हे अक्षर उघड दिसेल असे वागवावे, असे फर्मावले होते. गरीब माणूस कागदावर आला तो मोजण्यासाठी, कर घेण्यासाठी, नाहीतर शिक्षेसाठी.

शिक्षेच्या कागदाचे एक उदाहरण पाहू. १७९० साली स्टॅफर्डच्या न्यायालयात घोडाचोरीबद्दल सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. आरोपीचे नाव जेम्स बरो. पण मुलाच्या वेषातली ती तेरा वर्षांची मुलगी होती. बाप्तिस्म्याच्या वहीत जेम्स बरो शोधून ती सापडणार नाही; लँकेशायरमधल्या बरी गावच्या नोंदीत तिचे नाव मॉली हेडॉक असे आहे. १७९२ साली ती जहाजाने सिडनीला पोहोचली. तिथे थॉमस रीबी याच्याशी तिचे लग्न झाले. १८११ साली तो वारल्यावर सात मुले आणि व्यापार दोन्ही तिने सांभाळले आणि मेरी रीबी या नावाने ती वसाहतीतल्या श्रीमंतांत गणली गेली.

या बाईचे आणखी दोन कागद मला चर्च-न्यायालयाच्या कागदांहून मोलाचे वाटतात. सिडनीला पोहोचताच तिने मावशीला पाठवलेले पत्र आजही जपलेले आहे. तो तिचा स्वतःचा शब्द. दुसरा कागद १८२८ च्या खानेसुमारीचा. १८२० साली ती इंग्लंडला जाऊन पुढच्या वर्षी परतली होती. खानेसुमारीत तिने सांगितले की, आपण १८२१ साली स्वतंत्र म्हणून या देशात आलो. एवढी संपत्ती मिळूनही तिला आपला भूतकाळ झाकावा लागला!

१७८८ ते १८६८ या काळात सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्पिढ्या हा डाग लपवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र कैदी पूर्वज अभिमानाचा विषय झाला. १९९४ पासून मेरी रीबीचे चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांचे दप्तर युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात गेले.

कलंकाचे अभिमानात रूपांतर झाले, याचा मला आनंद आहे. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. या कैद्यांना ज्या भूमीवर उतरवले ती आदिवासींची होती. आणि देशाची लोकसंख्या ठरवताना त्यांना मोजू नये, हे ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतले कलम १९६७ पर्यंत टिकले. एकाचे नाव वहीत गुन्हेगार म्हणून होते, दुसऱ्याला मोजण्याचीही गरज वाटली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. कैद्यांचे शेवटचे जहाज १८६८ साली ऑस्ट्रेलियाला लागले आणि १८७१ साली याच ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. तिथेही नोंदवहीच होती. मेरीची शिक्षा सात वर्षांची होती, तिच्या मुलांना ती लागली नाही. इथे जन्मच गुन्हा ठरला आणि मूलही वहीत गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. समाजाच्या मनातली वही अजून मिटलेली नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, आजीला विचारा, नावे लिहून ठेवा, गावे लिहा, कामे लिहा. कोणी तुरुंगात गेले असेल तर तेही लिहा. लपवू नका. उद्या आपली नातवंडे आपला माग काढायला बसतील, तेव्हा त्यांच्या हाती केवळ पोलिसाची वही लागू नये.