दैवाचे दान आणि माणसाची चाल

इसवी सन ४८० च्या सुमारास पूर्व रोमन सम्राट झेनो सोंगट्यांचा एक डाव खेळत बसला होता. खेळाचे नाव ताबुला. पट चोवीस घरांचा, प्रत्येकाच्या सोंगट्या पंधरा आणि फासे तीन. सम्राटाची मांडणी उत्तम होती. त्याने फासे टाकले आणि दान पडले ते दोन, पाच आणि सहा. प्रतिपक्षाने अडविलेली घरे आणि स्वतःच्याच सोंगट्यांची जागा यांमुळे हे दान खेळण्यास त्याला एकच वाट उरली होती, आणि त्या वाटेने जाताच त्याच्या आठ सोंगट्या एकाकी पडल्या. अशी एकाकी सोंगटी म्हणजे शत्रूच्या हाती दिलेले भक्ष्यच. पुढल्या शतकात अगाथियास नावाच्या ग्रीक कवीने या दुर्दैवावर एक कविता रचली व तीत प्रत्येक सोंगटीचे स्थान इतके काटेकोरपणे नोंदविले, की एकोणिसाव्या शतकात बेक द फूकिएर या फ्रेंच पंडिताला तो सारा डाव पुन्हा मांडता आला. साम्राज्ये नष्ट झाली. सम्राटाचे एक वाईट दान मात्र टिकून राहिले.

ताबुलाचाच वंशज म्हणजे आजचा बॅकगॅमन. पट तोच, सोंगट्या तितक्याच. फासे मात्र दोन. प्रतिपक्षाच्या दोन सोंगट्या ज्या घरात बसल्या, ते घर आपल्याला बंद. तेथे एकटीच असेल, तर ती मारता येते आणि मारलेल्या सोंगटीला अगदी आरंभापासून प्रवास करावा लागतो. सारीपाट पाहिलेल्या माणसाला यात नवखे असे फारसे वाटणार नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती द्यूत खेळताना कोरलेली आहेत. फाशांचा मोह आपल्याकडे देवांनाही सुटला नाही.

या खेळाने एक जुना प्रश्न सतत जागा ठेवला. माणसाने घेतलेल्या निर्णयाची परीक्षा कशावरून करावी? त्याच्या फळावरून, की निर्णयाच्या घटकेला जे ज्ञात होते त्यावरून?

इराणात या खेळाला नर्द म्हणत. पहलवी भाषेतील एका कथेनुसार हिंदुस्थानच्या राजाने खुस्रौ अनुशीर्वान याच्याकडे बुद्धिबळाचा पट पाठविला आणि त्याचे मर्म ओळखण्याचे आव्हान दिले. खुस्रौचा चतुर मंत्री बुझुर्गमिहर याने ते मर्म तर ओळखलेच, शिवाय उलट आव्हान म्हणून नर्दचा पट तयार केला. पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस अहोरात्र, फाशांचे फिरणे म्हणजे आकाशाचे भ्रमण. हिंदी पंडितांना हे कोडे उलगडले नाही, असे कथाकार मोठ्या समाधानाने सांगतो. कथा इराणी आहे, तेव्हा विजय कोणाचा होणार हे ठरलेलेच होते! खुस्रौचा राज्यकाल ५३१ ते ५७९ हा होता. कथेतील इतिहास मात्र तेवढ्यावरच संपतो. दहाव्या शतकातील अरब इतिहासकार मसूदी याने एक मार्मिक मत नोंदविले आहे: बुद्धिबळ शोधणारा कर्मस्वातंत्र्य मानणारा असावा आणि नर्द शोधणारा दैववादी.

स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याला हा निवाडा मान्य झाला नसता. त्याने १२८३ साली पूर्ण करविलेल्या खेळांच्या ग्रंथाच्या आरंभी पुन्हा एक हिंदुस्थानचाच राजा येतो. श्रेष्ठ काय, बुद्धी की दैव, असे तो तीन ज्ञानी पुरुषांना विचारतो. पहिला बुद्धिबळ आणतो, दुसरा नुसते फासे. तिसरा मात्र पट, सोंगट्या आणि फासे हे सर्वच आणतो आणि म्हणतो की दैवाने जे दिले त्याचा बुद्धीने उपयोग करून घेणे, हेच शहाणपण.

पण उपयोग करायचा म्हणजे काय करायचे? याचे उत्तर गणिताखेरीज मिळत नाही, हे महाभारतकाराने फार पूर्वी हेरले होते. नलाख्यान मराठी घरांत परिचित आहे. द्यूतात राज्य घालविलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे मोजल्यावाचून सांगतो. नळ ती मोजून पाहतो, तर संख्या बरोबर! ही गणनाविद्या आणि फाशांची विद्या, म्हणजे अक्षहृदय, यांची सांगड कथेने घातली आहे. बेहड्याचे झाडही काही सहज निवडलेले नाही; प्राचीन काळी त्याच्याच फळांचे फासे होत.

युरोपात ही विद्या कागदावर यायला सोळावे शतक उजाडले. कार्दानो या इटालियन वैद्याने दोन फाशांच्या ३६ शक्यता मोजल्या. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. १७४३ मध्ये एडमंड हॉयल याने बॅकगॅमनवर छोटे पुस्तक लिहिले व त्यात हा हिशोब खेळाडूच्या हाती दिला. शत्रूच्या सोंगटीपासून सहा घरांवर आपली सोंगटी एकटी ठेवली, तर वाट मोकळी असताना ती मारणारी दाने ३६ पैकी १७. तीच एक घरावर ठेवली, तर ११. सात घरांवर ठेवली, तर अवघी ६. शत्रूपासून दूर म्हणजे सुरक्षित असे समजणारा नवशिका सहा घरांच्या आत नेमका उलटा वागतो: तेथे जितके जवळ तितके बरे. सहाची मर्यादा ओलांडली की धोका एकदम घसरतो.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये या खेळात एक सहा बाजूंचा ठोकळा आला. त्यावर २ पासून ६४ पर्यंत दुपटीने वाढणारे आकडे असतात. जिंकण्याची खात्री वाटू लागलेला खेळाडू पण दुप्पट करण्याचे आव्हान देतो. प्रतिपक्षाने ते स्वीकारावे, किंवा मूळ पण हरून डाव सोडावा. स्वीकारावे केव्हा? समजा अशाच चार डावांपैकी तीन हरून एक जिंकण्याची आशा आहे. चारही सोडले तर तोटा चारचा. चारही स्वीकारले तर तीन पराभवांत सहा जातात, एका विजयात दोन परत येतात. तोटा पुन्हा चारचाच. म्हणजे चारात एक ही सीमारेषा. त्याहून थोडी जरी अधिक आशा असली, तरी हरत चाललेला डाव सोडणे ही चूक. मानी माणसाला हे पटते. भित्र्याला पटत नाही. गणिताला मात्र दोघांच्या स्वभावाशी कर्तव्य नाही.

१५ जुलै १९७९ रोजी माँटे कार्लो येथे या विद्येची विलक्षण परीक्षा झाली. नुकताच जगज्जेता झालेला इटलीचा लुईजी व्हिला याच्यासमोर हान्स बर्लिनर याने रचलेली संगणकाची आज्ञावली खेळली आणि ७ विरुद्ध १ अशी जिंकली. पटावरील कोणत्याही खेळात जगज्जेत्या माणसाला यंत्राने हरविण्याचा हा पहिला प्रसंग. बातमी जगभर गेली. परंतु बर्लिनरने नंतर डावांची चिकित्सा केली, तेव्हा त्याला आढळले की अधिक चांगल्या चाली व्हिलाने केल्या होत्या. फाशांनी यंत्राला साथ दिली होती. स्वतःच्या विजयाविरुद्ध पुरावा देणारा विजेता क्वचितच भेटतो, आणि या प्रसंगात बर्लिनरचा मोठेपणा त्याच्या आज्ञावलीपेक्षा अधिक आहे.

तेरा वर्षांनी, १९९२ च्या सुमारास, जेराल्ड टेसाउरो याने आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत निराळीच वाट धरली. त्याने यंत्राला डावपेच पढविले नाहीत. स्वतःशीच लक्षावधी डाव खेळू दिले आणि प्रत्येक चालीनंतर जिंकण्याचा आपला अंदाज दुरुस्त करायला शिकविले. पंधरा लाख डावांनंतर हे यंत्र दोनदा जगज्जेता झालेल्या बिल रॉबर्टी याच्याशी ४० डाव खेळले आणि एकूण एका गुणाने हरले.

त्याहून महत्त्वाचे घडले ते डावाच्या पहिल्याच चालीत. आरंभी दोन-एक, चार-एक किंवा पाच-एक असे दान पडले, तर एकाच्या दानाने स्वतःच्या अंगणातील एक सोंगटी पुढे काढून एकटी ठेवावी, ती वाचली तर पुढल्या खेपेस घर पक्के होते, असा जाणत्यांचा संकेत होता. यंत्राला तो धोका न परवडणारा वाटला. ते पार मागे, शत्रूच्या अंगणात असलेल्या आपल्या दोन सोंगट्यांपैकी एक फक्त एक घर पुढे सरकवी. जाणत्यांनी शंका घेतली, मग त्याच मांडणीवरून पुन्हा पुन्हा डाव खेळून पाहिले, आणि थोड्याच वर्षांत मोठमोठ्या स्पर्धांमधून ती मागची सोंगटी एक घर पुढे सरकू लागली.