जड पापण्यांची जुनी गोष्ट

डोंबिवली स्टेशनवर इंडिकेटर वाचायचा तर हनुवटी वर करावी लागते. पेपर वाचताना एका बोटाने पापणी उचलून धरावी लागते. संध्याकाळ झाली की कपाळ दुखू लागतं. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या साठीच्या पुढच्या काकूंचा चष्मा दोनदा बदलून झालेला असतो. पण अडचण डोळ्यात नसते, डोळ्यावर उतरलेल्या वरच्या पापणीत असते. ऑपरेशनचं नाव काढलं की सोबत आलेला मुलगा म्हणतो, "आई, या वयात दिसण्याची हौस कशाला?" आणि काकू गप्प होतात.

या मुलाला मी थोडा इतिहास सांगतो. तुम्हालाही सांगतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत आणि त्यांपैकी २१ फक्त पापणीचे आहेत. त्यातला एक पक्ष्मकोप, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचणं. त्यावरचा उपाय असा : भुवईच्या खाली, वरच्या पापणीवरची त्वचा जवाच्या दाण्याच्या आकारात आडवी कापून काढायची आणि जखम केसाने शिवायची. आजही पापणीवरची जास्तीची त्वचा काढताना आम्ही पेनने जो आकार आखतो, तो याच्याशी बराच जुळतो. पण सुश्रुतांचा हेतू सौंदर्याचा नव्हता, बुबुळ वाचवण्याचा होता.

त्याच ग्रंथात 'वातहतवर्त्म' नावाचा आणखी एक रोग आहे. यात पापणीची हालचालच थांबते. हा रोग सुश्रुतांनी असाध्य ठरवला. त्वचेचा दोष कापून सुधारता येतो, पण पापणीची ताकद गेली असेल तर नुसती त्वचा कापून उपयोग नाही, हा फरक इतक्या जुन्या काळीही कळलेला होता. पुढची सगळी गोष्ट या फरकाभोवतीच फिरते.

आता पुण्याला येऊ. १७९२ च्या सुमारास इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याच्या एका मराठी कारागिराने, जो विटा घडवणाऱ्या कुंभार समाजातला होता, त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवं नाक बसवलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. बर्लिनचे कार्ल फर्डिनांड फॉन ग्रॅफे यांनी १८१८ साली नाकाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला, त्यात ही भारतीय पद्धत आहे. पापणीच्या शस्त्रक्रियेला 'ब्लेफॅरोप्लास्टी' हे नाव रूढ करण्याचं श्रेयही याच ग्रॅफेंना दिलं जातं. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता, नष्ट झालेली पापणी पुन्हा घडवणं. सौंदर्याचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुश्रुतांनी असाध्य म्हटलेल्या दोषावरही वाट सापडली. पापणी उचलणारा मुख्य स्नायू आखूड करण्याची पद्धत विल्यम बोमन यांनी १८५७ मध्ये मांडली. पापणीला थोडी जास्तीची उचल देणारा दुसरा छोटा स्नायू हाइनरिश म्यूलर यांनी १८५८ मध्ये दाखवला. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरलं. आज आम्ही त्याहून सुरक्षित औषधं वापरतो, पण सोय तीच : पेशंट जागा असतो, त्यामुळे टेबलावरच त्याला डोळे उघडायला सांगून पापणीची उंची जुळवता येते.

म्हणून ऑपरेशनचा विचार करण्याआधी पहिला प्रश्न हाच : त्वचा सैल झाली आहे, की उचलणारा स्नायू कमजोर झाला आहे? दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी आहे. काही जणांत दोन्ही दोष असतात. अशा वेळी फक्त त्वचा काढली तर पापणी खालीच राहते आणि पेशंट निराश होतो.

तपासणीत आम्ही बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतो. ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. वरच्या बाजूचं किती दिसतं, याचीही चाचणी होते. पापणी बोटाने उचलल्यावर जर बरंच जास्त दिसू लागलं, तर हा प्रश्न हौसेचा नाही, नजरेचा आहे. येताना दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो जरूर आणा, त्यातून खूप कळतं.

तोटेही सांगायलाच हवेत. डोळे कोरडे पडू शकतात. त्वचा जास्त निघाली तर डोळा पूर्ण मिटत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजरेला धोका होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आणि दोन गोष्टी कधीच विसरू नका. पापणी अचानक पडली आणि सोबत दोन-दोन दिसणं, तीव्र डोकेदुखी किंवा एक बाहुली लहान-मोठी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली असेल, तर मायस्थेनिया या आजाराची तपासणी आधी, ऑपरेशनचा विचार नंतर.

काकूंच्या मुलाला मी शेवटी एवढंच करायला सांगतो : आईची पापणी बोटाने हलकेच उचल आणि समोरचा तक्ता वाचायला सांग. वरच्या ओळीही त्या वाचू लागल्या, की हौसेचा प्रश्न तो पुन्हा विचारत नाही.