अठ्ठावीस लाख बायका आणि एक कोरा रकाना

माझा पुतण्या पुण्यात मोबाइल ॲपची आखणी करतो. ‘यूएक्स’ म्हणजे नेमके काय, असे मी विचारले तर म्हणाला, “चाचा, वापरणारा चुकला तर आधी वस्तू तपासायची, माणूस नाही.” त्यावरून मला आठवला तो आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा इतिहास.

1951-52 साली देशात सुमारे 17 कोटी 30 लाख मतदार होते. 1951 च्या जनगणनेनुसार साक्षरता होती जेमतेम 18 टक्के. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नाही त्यांनी मत द्यायचे कसे? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने लोक साक्षर होण्याची वाट पाहिली नाही. प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली आणि तिच्यावर चिन्ह लावले: बैलजोडी, झोपडी, दिवा, हत्ती. मतपत्रिकेवर काही लिहायचे नव्हते, आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची, एवढेच. चिन्हे रोजच्या पाहण्यातली घेतली, धार्मिक भावना गुंतलेली टाळली. यातल्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. माणसाला जे आधीच ठाऊक आहे त्यावर आखणी उभी करावी, हे तत्त्व इथे पाळले गेले.

पण मतदारयादीपाशी गाडी अडली. मुख्यतः उत्तर भारतात अनेक बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. बिहारला नावे सुधारून घेण्यासाठी जादा मुदत दिली गेली, तरी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गेली.

सेन यांची बाजू मला पटते. बाई ही कुणाची तरी बायको म्हणून नव्हे, स्वतः नागरिक म्हणून मत देते. तरीही वाटते, चिन्हांच्या बाबतीत मतदाराच्या जागी उभे राहून विचार झाला, तसा नावाच्या रकान्याच्या बाबतीत पुरेसा झाला नाही. नियम बरोबर होता, पण त्याची किंमत त्या बायकांनी मोजली.

पेट्यांची पद्धतही कायम राहिली नाही. उमेदवार वाढले की पेट्या वाढत. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एकाच मतपत्रिकेवर सर्व चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत आली. वापरून पाहायचे, चुका पाहायच्या, बदल करायचा.

हे आज का लिहितो? माझ्या चाचीचे नाव एका कागदावर ‘बी’ लावून आहे, दुसऱ्यावर ‘शेख’ लावून, तिसऱ्यावर नुसतेच. खिडकीवरचा माणूस म्हणतो, “तुमचीच चूक.” चाची गप्प बसते. आडनाव पाहिजेच असा तो रकाना आखणाऱ्याने तिच्यासारख्या चार बायकांशी आधी बोलून घेतले असते, तर ही वेळ आली नसती.