हातोरीचा आवाज कोणाचा?

परवा परभणीला घरी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, भाच्याने टीव्हीवर हिंदीतला 'निंजा हातोरी' लावला. आई मेथी निवडत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरगं गोड बोलतंय रे. कोणाचं आहे?"

म्हटलं, "आई, ते पोरगं नाही, बाई आहे. मेघना एरंडे. आपली मराठीच."

आईचा विश्वास बसेना. मग एकदम म्हणाली, "म्हणजे आमच्या मीनावहिनीसारखंच की! आवाज घराघरात, बाईला कोणी पाहिलेलंच नाही."

आईचं माहेर गिरगावचं, त्यामुळे ही आठवण मुंबई केंद्राची. साठ-सत्तरच्या दशकात तिथून 'प्रपंच', 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिका लागायच्या. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही त्यातली मंडळी. आवाज बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांचे. मीनावहिनी अर्थातच नीलम प्रभू. पुढे संगीतकार यशवंत देवांशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या. आता गंमत बघा, आईला मीनावहिनी लख्ख आठवते, पण 'नीलम प्रभू' हे नाव मला सांगावं लागलं.

तरी रेडिओचं एक बरं होतं, श्रुतिका संपली की कलाकारांची नावं सांगायचे. परभणीला आकाशवाणी केंद्र आलं १९६८ साली. १३०५ किलोहर्ट्झवर निवेदिकेचा आवाज लागला की तो ओळखीचा वाटायचा आणि रस्त्यात कोणी दाखवलं तर "या त्या होय!" असं व्हायचं. आवाज आणि माणूस यांच्यातला धागा तुटलेला नव्हता.

डबिंगमध्ये तो तुटला.

हातोरीचंच घ्या. १९८१ ते १९८७ या काळातल्या मूळ जपानी मालिकेत हातोरीला आवाज दिला जुन्को होरी या बाईंनी. म्हणजे टोकियोत बाई आणि मुंबईतही बाईच. यामागे साधा हिशोब आहे. मालिका वर्षानुवर्षं चालते, मुलाचा आवाज मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. शिवाय जपानमध्ये १९४७ च्या कामगार कायद्याने मुलांच्या रात्रीच्या कामावर बंधनं आली. बाईचा आवाज काही फुटत नाही! १९६३ मध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉय' सुरू झालं तेव्हा त्या यंत्रमानव-मुलाचा आवाजही मारी शिमिझु या बाईंचाच होता.

पण तिकडे या बायकांचं नाव झालं. नोबुयो ओयामा बघा. जन्म १९३३ चा. शाळेत घोगऱ्या आवाजावरून मुलं चिडवायची, म्हणून त्या बोलायच्याच बंद झाल्या. आईने समजावलं की आवाज लपवू नकोस, उलट जास्त वापर. त्याच आवाजात त्यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉन केला. २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, नावानिशी.

हे आपोआप झालं नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आवाजी कलाकारांनी कामबंद केलं, टोकियोतल्या हिबिया इथे निदर्शनं केली. एकदाच पैसे देऊन तुम्ही तोच कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवता, मग आमचं काय, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर मानधन सुमारे तिप्पट झालं. पुनःप्रसारणाच्या पैशांसाठी भांडायचं तर मुळात 'हा आवाज अमक्याचा' अशी नोंद हवी. नावाचा आणि पोटाचा संबंध असा थेट आहे.

आपल्याकडे कार्टून हिंदीत आणताना शेवटची नामावली बऱ्याचदा कापली जाते, किंवा जपानी नावंच तशीच पळत जातात. मेघना एरंडेंचं नाव लोकांना कळलं ते मुख्यतः मुलाखतींमुळे आणि त्या स्वतः पडद्यावर दिसल्या म्हणून. बाकीच्या कितीतरी जणींचे आवाज आपल्या पोरांना पाठ आहेत आणि नाव एकाचंही नाही.

"नावाचं काय एवढं?" असं कोणी म्हणेल. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो. आज एखाद्या आवाजाचा छोटासा तुकडा मिळाला तरी मशीन त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करायला अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनेही तसाच आदेश दिला. उत्तमच झालं. पण ही दोन्ही नावं जगाला माहीत असलेली. ज्या बाईचं नाव कुठल्याच नामावलीत नाही, तिला कोर्टात आधी हेच सिद्ध करावं लागेल की हातोरीच्या मित्राचा किंवा डोरेमॉनच्या शेजारणीचा तो आवाज मुळात तिचा होता. चोरी नंतर, मालकी आधी!

आम्ही साध्या प्रोग्रॅममध्येसुद्धा कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद ठेवतो. चूक झाली तर पकडायला का होईना, पण ठेवतो. मग वीस मिनिटांच्या कार्टूनच्या शेवटी पाच नावं दाखवायला कितीसा वेळ लागतो?

असो. संध्याकाळी निघताना बॅग भरत होतो, तर आतून आईचा आवाज आला. भाच्याला विचारत होती, "काय रे नाव त्या हातोरीच्या बाईचं?"

"मेघना एरंडे, आज्जी."

"हां. लक्षात ठेव."