ट्रॉम्बेचा लेसर आणि पातळ थरांची विद्या

अर्धसंवाहकातून लेसर मिळतो हे 1962 मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. पुढे त्याच प्रकाशाच्या साह्याने ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात सुमारे 20 किलोमीटर अंतरावर संदेशवहन करण्यात आले. अणुभट्ट्यांच्या इतिहासापुढे हे प्रकरण झाकोळले गेले, हा त्यावर अन्यायच आहे.

या विषयाला नवे वळण मिळाले ते 1970 मध्ये, एसाकी आणि त्सू यांनी दोन अर्धसंवाहकांचे अतिपातळ थर आलटूनपालटून रचण्याची कल्पना मांडली तेव्हा. गॅलियम आर्सेनाइडचा सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचा थर अ‍ॅल्युमिनियममिश्रित थरांमध्ये कोंडला की इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला ठरावीक पायऱ्याच उरतात. या रचनेस क्वांटम वेल म्हणतात. प्रकाशाची तीव्रता वाढताच पदार्थाचे शोषण किंवा अपवर्तनच बदलू लागते, तेव्हा त्या परिणामास अरेखीय म्हणतात, आणि क्वांटम वेलमध्ये तो विशेष ठळक असतो. प्रकाश शोषला गेल्यावर इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेले विवर यांची जोडी, म्हणजे एक्सायटॉन, तयार होते. साध्या स्फटिकात तिची बंधनऊर्जा जेमतेम 4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने खोलीच्या तापमानाला तिचा ठसा पुसट होतो; थरात कोंडलेल्या जोडीची बंधनऊर्जा मात्र दुपटीहून अधिक असते आणि तिचे शोषणशिखर स्पष्ट दिसते. तीव्र प्रकाशात हे शिखर मावळते, हे मिलर, शेमला आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये खोलीच्या तापमानाला दाखविले. 1984 मध्ये त्यांनी थरांना लंब विद्युतक्षेत्र लावून शिखर न मोडता सरकविले. कोपर-डोंबिवलीच्या घरांतील संदेश ज्या दूर पल्ल्याच्या प्रकाशतंतूंतून जातात, त्यांच्या टोकाशी प्रकाशाची उघडझाप करणारी अनेक उपकरणे याच तत्त्वावर चालतात.

भारतात या विद्येचे एक केंद्र इंदूरला उभे राहिले. तेथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी 1984 मध्ये झाली, दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक होते, आणि तेथे क्वांटम वेलचे लेसर घडविण्यात आले. कुलाब्याच्या संस्थेतही असे थर वाढविले गेले. त्यासाठी गॅलियमचे सेंद्रिय संयुग आणि अत्यंत विषारी आर्साइन वायू तापलेल्या स्फटिकावरून सोडावे लागतात. 10 नॅनोमीटरच्या थरात अणूंचे जेमतेम 35 पदर मावतात, आणि एक पदर कमीजास्त झाला तरी शोषणशिखराची तरंगलांबी हलते.